विमानतळ ते विमानतळ: अंतर आणि उड्डाणाचा खरा वेळ कसा काढायचा

मुंबई ते लंडन विमानाला किती तास लागतात, असं तीन जणांना विचारा. एक साडेचार म्हणेल, दुसरा दहा, तिसरा पंधरा. थापा कुणीच मारत नसतो. पहिल्याने तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी केलेली असते, दुसरा थेट विमानाने गेलेला असतो आणि तिसऱ्याने दुबईत विमान बदललेलं असतं.

इंटरनेटवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ क्षणात समोर येतो. बहुतेक ठिकाणी तो वेळ म्हणजे सरळ अंतर भागिले एक ठरावीक वेग, बाकी काही नाही. अंदाजाला तेवढं पुरतं. पण कुणाला आणायला जायचं असेल, पुढची गाडी पकडायची असेल, आईच्या औषधांच्या वेळा बसवायच्या असतील, तर त्या आकड्यावर विसंबून फजिती होते. हिशोब अवघड नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. खाली मुंबई–लंडन हे उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. जिथे छोटं उदाहरण बरं पडेल तिथे दिल्ली, दुबई आणि अमरावती आहेत.

आधी जवळ काय घ्यायचं

तिकिटाची पूर्ण प्रत घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला अर्धामुर्धा स्क्रीनशॉट चालणार नाही. त्यात उड्डाण क्रमांक, तारीख, दोन्हीकडचं टर्मिनल आणि विमानाचा प्रकार दिसला पाहिजे. विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवणार आहे ती ओळही बघा, कारण तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असं सर्रास असतं. कागद-पेन हवंच. हे गणित डोक्यात केलं की अर्धा तास कुठेतरी सांडतो.

टप्पा १: शहर सोडा, विमानतळ पक्का करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि पुढचं गणित कितीही बरोबर असलं तरी मग उपयोग नसतो.

लंडन म्हटलं की हीथ्रो असं आपण धरून चालतो. पण गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी हे विमानतळही लंडनचेच म्हणून विकले जातात. न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि नदीपलीकडे न्यू जर्सीतलं न्यूअर्क. टोकियोला हानेडा आणि नारिता. आता आपल्याकडेही तीच गत आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुटू लागली, त्यामुळे नुसतं 'मुंबई' लिहून भागत नाही. जुन्या विमानतळाचं सांकेतिक नाव बीओएम, नव्याचं एनएमआय.

गोव्याचं तर विचारूच नका. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. मुंबईहून विमानाचा वेळ जवळपास तेवढाच, पण दोन्हींमधलं रस्त्याचं अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला मोपा सोयीचं, मडगावच्याला दाबोळी. तिकीट शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त दिसलं म्हणून उलटा विमानतळ घेतला, तर टॅक्सीवाला ती बचत दहापट करून वसूल करतो.

पडताळा: तिकिटावरची तीन अक्षरं दोन्ही टोकांना कागदावर लिहा. ती लिहिता येत नसतील, तर अजून विमानतळ पक्का झालेला नाही.

टप्पा २: सरळ अंतर मोजा

संगणकावर गूगल मॅप्स उघडा. शहराच्या नावावर नको, थेट धावपट्टीवर राइट क्लिक करा, 'अंतर मोजा' निवडा आणि दुसऱ्या विमानतळाच्या धावपट्टीवर क्लिक करा. फोनवर बोट दाबून धरलं की खूण उमटते, तिच्या पर्यायांत हेच सापडतं.

आकडे साधारण असे येतील:

मुंबई–दिल्ली: १,१४० किमी
मुंबई–दुबई: १,९३० किमी
मुंबई–लंडन हीथ्रो: ७,२१० किमी

रेघ लांब असली की ती नकाशावर वाकडी दिसते. घाबरू नका, तीच बरोबर आहे. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर दिल्लीपर्यंत खपून जातं, लंडन-न्यूयॉर्कला सपशेल चुकतं.

सावधान: रेल्वे किंवा रस्त्याचं अंतर इथे घुसडू नका. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली राजधानी १,३८४ किमी धावते, विमानाचं सरळ अंतर त्याहून जवळजवळ अडीचशेने कमी आहे. एककही बघा. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. अमेरिकी संकेतस्थळं साधे मैल देतात, तो मैल १.६०९ किमीचा. म्हणजे मुंबई–दिल्ली एका पानावर ६१५, दुसऱ्यावर ७०८ आणि तिसऱ्यावर १,१४० दिसेल, आणि तिन्ही बरोबर असतील.

पडताळा: अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंशांवर, दिल्लीचा २८.५७ वर. फरक ९.४८ अंश, म्हणजे नुसतं उत्तर-दक्षिण अंतरच १,०५० किमीच्या आसपास. खरं अंतर याहून कमी येऊच शकत नाही. आलं, तर खूण चुकीच्या जागी पडली आहे.

टप्पा ३: विमान खरोखर जातं कुठून ते बघा

सरळ रेघेवरून विमान क्वचितच जातं. उड्डाणानंतर ठरलेल्या वळणांनी बाहेर पडायचं, हवाई मार्ग धरायचा, उतरताना रांगेत यायचं, यात देशातल्या देशात पाच टक्के अंतर सहज वाढतं. मुंबई–दिल्लीचे १,१४० मग १,२०० धरा.

लांबच्या प्रवासात खरा घोळ आकाशाच्या मालकीचा असतो. मुंबई–हीथ्रो सरळ रेघ काढून बघा: ती बलुचिस्तान, इराण, अझरबैजान, क्रिमियाचा परिसर, युक्रेन, पोलंड अशी जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंदी घातली आणि ती महिन्यामहिन्याने वाढवत नेली. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा इराण आणि इराकवरूनही काही दिवस जाता येत नव्हतं. म्हणजे ती सुंदर सरळ रेघ अर्धीअधिक कागदावरच राहते.

यातून एक गोष्ट निघते जी कुठलंही अंतर मोजणारं पान सांगत नाही: त्याच दोन विमानतळांमध्ये त्याच दिवशी भारतीय कंपनीच्या आणि परदेशी कंपनीच्या विमानाला वेगवेगळा वेळ लागू शकतो. बंदी दोघांना सारखी नसते. याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना जास्त, कारण मुंबईच्या विमानाला निदान अरबी समुद्रावरून निघायची सोय आहे.

मुंबई–लंडनसाठी आपण ७,६०० किमी धरू. परिस्थिती बिघडली असेल तर त्याहून जास्त.

टप्पा ४: विमान ओळखा, मग भागाकार करा

सगळी विमानं एकाच वेगाने उडत नाहीत. हिशोबाला हे तीन गट पुरतात (वेग किलोमीटरमध्ये):

छोट्या गावांना जाणारं पंख्याचं एटीआर: ताशी ४८० ते ५००
एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांच्या जातीची: ताशी ८२० ते ८३०
बोइंग ७८७, ७७७, एअरबस ३५० अशी मोठी: ताशी ८८० ते ९००

अंतराला या वेगाने भागा आणि वर ठरावीक मिनिटं घाला. जेटला चाळीस, एटीआरला तीस ते पस्तीस. ही मिनिटं गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढताना आणि उतरताना कमी झालेला वेग आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत जाणं यांची. तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान मागे ढकललं जातं तिथे तो सुरू होतो आणि पलीकडे गेटवर ठोकळे लागले की संपतो.

मुंबई–दिल्ली: १,२०० भागिले ८२० म्हणजे एक तास अठ्ठावीस मिनिटं, अधिक चाळीस. दोन तास आठ मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोनच्या आसपास दिसेल, कारण कंपन्या थोडी ढील ठेवतात. मुंबईला ती लागतेच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता-उतरवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते.

मुंबई–अमरावती, जिथे एप्रिल २०२५ पासून एटीआर जातं: सरळ अंतर ५४० किमी, वळणं धरून ५७०. भागिले ४८० म्हणजे एक तास अकरा मिनिटं, अधिक पस्तीस. पावणेदोन तास. जेटच्या वेगाने भागलं असतं तर दीड तासाच्या आत विमान खाली आलं असतं, आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर गाडी घेऊन गेलेला मेहुणा उगाच ताटकळला असता.

टप्पा ५: वारा

याच कारणाने लंडनला जायला दहा तास आणि यायला पावणेनऊ. आपल्या अक्षांशांवर आणि त्याहून उत्तरेला, विमानं उडतात त्या उंचीवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात फारच जोरात. पश्चिमेला जाणारं विमान त्यांच्या तोंडावर जातं, परतताना तेच वारे पाठीशी.

लांबच्या प्रवासाला वाऱ्याचा वेग सरासरी ताशी ६० किमी धरून बघा.

जाताना: ८८० वजा ६० म्हणजे ८२०. ७,६०० भागिले ८२०, नऊ तास सोळा मिनिटं. अधिक चाळीस. जवळजवळ दहा तास.

येताना: ८८० अधिक ६० म्हणजे ९४०. आठ तास पाच मिनिटं, अधिक चाळीस. पावणेनऊ.

मुंबई–दिल्लीसारख्या उत्तर-दक्षिण मार्गावर हे सोडून द्या, फरक पाच-दहा मिनिटांचा. दुबईला मात्र जायला सव्वातीन आणि यायला तीनहून थोडं कमी असं दिसतं.

सावधान: जायचा वेळ दुप्पट करून 'जाऊन-येऊन इतके तास' असं कधीही सांगू नका.

टप्पा ६: तिकिटावरची घड्याळं

इथे सावकाश चला.

तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते. समजा हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ५.३० ला हीथ्रोला पोचायचं आहे. वजाबाकी साडेचार तास देते. लेख सुरू करताना भेटलेला पहिला माणूस इथेच अडकला होता.

नियम एकच ठेवा: आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. मिळवायचे की वजा करायचे हे पाठ करत बसू नका, विमानतळावर ऐन वेळी उलटं आठवतं. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिथे ५.३० तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११. दुपारी १ ते रात्री ११, दहा तास. टप्पा ५ च्या आकड्याशी जुळलं.

येताना: लंडनहून रात्री ९, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.१५. लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे २.३०. तिथून ११.१५ पर्यंत पावणेनऊ तास. हेही जुळलं.

आता उन्हाळा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या काळात फरक साडेचार तासांचा. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो, म्हणजे वर्षातले काही आठवडे एकाने घड्याळ हलवलेलं असतं आणि दुसऱ्याने नाही. आपण वर्षभर जागेवर. म्हणून फरक आजचा नको, प्रवासाच्या तारखेचा शोधा. दुबईला हा त्रास नाही, तिथे बारा महिने दीड तास मागे. सकाळी १० ला निघून ११.४५ ला पोचलात तर पावणेदोन नव्हे, सव्वातीन तास बसलात.

तारखेच्या दोन गफली वेगळ्या सांगायला हव्यात. पोचायच्या वेळेपुढे '+१' असेल तर पोचणं दुसऱ्या दिवशी. हे छापलेलं असतं, फक्त अक्षर बारीक. दुसरी गफलत जास्त महागात पडते. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००.४०' असेल तर घरून १४ तारखेला संध्याकाळीच निघायचं आहे. १५ च्या रात्री जेवून निघालेली मंडळी विमानतळावर पोचतात तेव्हा विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात.

पडताळा: कागदावर वाराचं नाव लिहून वाक्य पूर्ण करा. 'शनिवारी रात्री आठला घर सोडायचं, रविवारी पहाटे विमान.' असं लिहिल्यावर चूक लपत नाही.

इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायची गोळी असेल तर डॉक्टरांना सुटायची-पोचायची घड्याळं सांगू नका. या टप्प्यात निघालेले एकूण तास सांगा आणि वेळापत्रक त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

टप्पा ७: मागच्या आठवड्याशी ताडून बघा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर उड्डाण क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते विमान कधी सुटलं, कधी उतरलं, कोणत्या वाटेने गेलं, सगळं दिसतं. तुमचा आकडा आणि ही सरासरी यांत अर्ध्या तासापर्यंत फरक असेल तर ठीक. जास्त असेल तर बहुधा टप्पा ३ मध्ये आकाश बंद असल्याचं सुटलं आहे, किंवा विमानाचा प्रकार चुकला आहे. उन्हाळ्याच्या प्रवासासाठी जानेवारीचा इतिहास बघू नका, वारा वेगळा असतो.

दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं. त्या दिवसांत पहाटेच्या विमानाचं गणित बरोबर येऊनही निरुपयोगी ठरतं. दुपारचं विमान मिळत असेल तर ते घ्या.

टप्पा ८: मधला थांबा असेल तर

मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–हीथ्रो सुमारे ५,५०० किमी. बेरीज ७,४३०. थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त, तीन टक्के! अंतर बघून कुणालाही वाटेल, काय फरक पडतो. पण दोनदा चढ-उतार, दोनदा रांगणं, आणि मध्ये तीन-चार तासांचा थांबा. दहाचे चौदा-पंधरा होतात ते इथे.

थांब्याचा वेळ एकाच गावच्या घड्याळात असतो, त्यामुळे तिथे सरळ वजाबाकी चालते. पूर्ण प्रवासाला मात्र टप्पा ६ चाच नियम: पहिलं सुटणं आणि शेवटचं पोचणं, दोन्ही भारतीय वेळेत.

सावधान: दोन वेगवेगळी तिकिटं काढून स्वतःच जोड बसवत असाल, तर सामान उचलून पुन्हा देणं, टर्मिनल बदलणं आणि कधी कधी त्या देशाचा व्हिसा हे सगळं तुमच्या अंगावर. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं थांबत नाही आणि पैसेही बहुधा जातात. एकाच तिकिटावर दीड-दोन तास चालतात. वेगळ्या तिकिटांवर चार-पाच तासही कमी वाटू शकतात.

टप्पा ९: घर ते घर

आता उलटं मोजत या. देशातल्या विमानाला सामान घेणारी खिडकी बहुतेक कंपन्या साठ मिनिटं आधी बंद करतात, परदेशी उड्डाणाला साठ ते पंचाहत्तर. नक्की आकडा तिकिटावर असतो. देशात दोन तास आणि परदेशाला तीन तास आधी पोचायचं धरा.

पुण्याच्या कोथरूडहून मुंबईमार्गे लंडन असं धरलं तर: रस्त्याला साडेचार तास, कारण घाट आणि सायन-पनवेल यांचा भरवसा नाही. विमानतळावर तीन. विमानात दहा. हीथ्रोला इमिग्रेशन आणि सामान दीड, पुढे लेकीच्या घरापर्यंत एक. वीस तास. आई-बाबांना 'दहा तासांचा प्रवास' सांगून पाठवू नका, वीस तासांच्या हिशोबाने औषधं, खाणं आणि मोबाइलचं चार्जिंग द्या. व्हीलचेअर लागणार असेल तर ती आधीच नोंदवा, काउंटरवर मागितली तर वाट बघावी लागते.

मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला. चुकलंच तर मेट्रो ३ दोन्हींना जोडते, तरी सामानासकट अर्धा तास जातोच.

आणायला जाणाऱ्यांनी विमान उतरण्याच्या वेळेला दाराशी उभं राहायची गरज नाही. देशातलं विमान असेल तर उतरल्यानंतर अर्धा तास, परदेशातलं असेल तर पाऊण ते दीड तास धरा. लंडनच्या नातेवाइकांना निरोप धाडताना उड्डाण क्रमांक आणि टर्मिनल दोन्ही लिहा. हीथ्रोची २ आणि ३ ही टर्मिनलं एकमेकांना पायी जोडलेली आहेत, ४ आणि ५ ला जायला मात्र गाडी पकडावी लागते.